लिचेसवरून क्लासच्या मुलांचे डाव काढायचेत: बर्सर्क, ४२९ आणि घड्याळाचा हिशेब

उंटावरचा शहाणा (सांगली)

मंडळी, नमस्कार.

सांगलीत लहान मुलांचा बुद्धिबळाचा क्लास घेतो. इथे बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात क्लास चालवायचा म्हणजे पालकांना निम्मं आधीच माहीत असतं. त्यात २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा वर्ल्ड कप मारला, तेव्हापासून "आमच्या हिचं रेटिंग का हलत नाही?" हा प्रश्न दर रविवारी ठरलेला. मुलं माझ्यासमोर आठवड्यातून दोनदा बसतात. बाकी खेळ सगळा रात्री घरी, लिचेस या फुकटच्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर. मला दिसतो तो नमुना, खरा माल तिकडे.

मला फार काही नको. विसेक मुलं आहेत, प्रत्येकाचे गेल्या महिन्यातले रॅपिडचे डाव हवेत आणि कुठल्या खेळीला किती वेळ घेतला ते हवं. आमचं मुख्य दुखणं तेच आहे. १५+१० चा (पंधरा मिनिटं, वर दर खेळीला दहा सेकंदांची वाढ) डाव पोरं पाच मिनिटांत उरकतात आणि वर सांगतात, "सर, खूप विचार केला."

भाच्याने पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून दिलीय. त्यात बर्सर्क नावाची लायब्ररी आहे. भाचा सध्या परीक्षेत, फोन उचलत नाही. मला पायथन जुजबी येतं. स्क्रिप्ट चालू केली की चार-पाच मुलांचं नीट येतं, मग ४२९ असा आकडा येऊन सगळं बंद. जे येतं त्यातही गोंधळ. रात्री नऊला खेळलेला डाव दुपारी साडेतीनचा दिसतो, त्या वेळी पोरगं शाळेत असतं! काही डावांवर "कीएरर विनर" म्हणून थांबतं. आणि एका मुलीचे सगळे डाव तिने काळ्याने खेळले असं दाखवतंय. काय व्हायलंय कळंना. घड्याळापर्यंत तर अजून पोचलोच नाही.

कोणी यातलं जाणकार आहे का?

---

प्यादं पुढे

एवढा खटाटोप कशाला? लिचेसचा सगळा डेटा फुकट मिळतो. डेटाबेस डॉट लिचेस डॉट ऑर्ग वर जा, महिन्याची फाइल उतरवून घ्या, त्यात तुमच्या मुलांची नावं शोधा. २०१३ च्या जानेवारीपासूनचं सगळं आहे, सीसी-झिरो परवान्याखाली, कोणाला विचारायची गरज नाही. लायब्ररी नको, ४२९ नको.

---

काळा घोडा (पुणे)

प्यादेराव, माहिती बरोबर, सल्ला मात्र या कामाला चुकीचा. त्या फाइलमध्ये महिन्याला नऊ कोटींच्या आसपास डाव असतात. झेडस्टँडर्डने दाबलेली फाइलच डझनावारी जीबीची, उघडली की कितीतरी पट. विसेक पोरांच्या डावांसाठी सांगलीच्या मास्तरांच्या लॅपटॉपला एवढी शिक्षा कशाला? शिवाय ती फाइल महिना संपल्यावर मिळते आणि तिच्यात फक्त रेटेड (रेटिंगला धरले जाणारे) डाव असतात. "जगभरात १२०० च्या आसपासचे लोक सिसिलियनला काय उत्तर देतात" असला प्रश्न असेल तर ती फाइल सोन्यासारखी. ठरावीक माणसांचे ठरावीक डाव हवे असतील तर एपीआय (स्क्रिप्टने साइटकडे थेट डेटा मागायची सोय), आणि एपीआयसाठी बर्सर्क. भाच्याने लायब्ररी बरोबर निवडलीय. लिचेसवालेच ती सांभाळतात.

शहाणे सर, आता तुमच्याकडे वळतो. इथे कोड चिकटवला की ओळींचं पार भजं होतं, म्हणून शब्दांत लिहितो.

आधी ४२९, म्हणजे "फार विनंत्या झाल्या, थांबा". स्क्रिप्ट न बघता सांगतो, भाच्याने प्रत्येक मुलासाठी वेगळा थ्रेड (एकाच वेळी चालणारं वेगळं काम) उघडला असणार. तरुण मंडळींना सगळं एकदम मागवायची हौस असते. लिचेसचा नियम साधा आहे: एका वेळी एकच विनंती. ४२९ आलं तर पूर्ण एक मिनिट थांबायचं, मगच पुढची. बर्सर्क तुमच्या वतीने थांबत नाही, ते सरळ रिस्पॉन्सएरर फेकून मोकळं होतं. तेव्हा थ्रेड काढून टाका. नावांची एक यादी, तिच्यावर साधा फॉर लूप, आणि ती चूक पकडली की साठ सेकंदांची झोप. बस.

हळू होईल ही भीती नको. टोकन (खात्याची किल्ली) न देता सेकंदाला २० डाव येतात, टोकन दिलं तर ३०, आणि स्वतःचेच डाव मागितले तर ६०. तुमच्या मुलांचे महिन्याचे दोन हजार डाव धरले तरी टोकनशिवाय पावणेदोन मिनिटांच्या आत काम होतं. तेवढ्यात चहासुद्धा उकळत नाही.

आणि टोकनचा विषय निघालाच आहे तर स्क्रिप्टमध्ये "लिप" आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक लांबलचक ओळ आहे का बघा. ते भाच्याचं टोकन. सार्वजनिक डाव उतरवायला ते लागतच नाही, क्लायंट रिकाम्या कंसाने बनवला तरी चालतो. टोकन काढताना त्याने सगळ्या चौकटींवर खुणा केल्या असतील तर ती ओळ ज्याच्या हाती लागेल तो त्याच्या नावाने डाव खेळेल, निरोप पाठवेल. तुम्ही ही स्क्रिप्ट दुसऱ्या कोणा कोचला पाठवायच्या आत ती ओळ उडवा, आणि भाच्याला सांगून लिचेसवरूनही ते टोकन रद्द करून घ्या.

वेळेचं गूढ सोपं आहे. लिचेस सगळ्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं, बर्सर्क त्यांचं डेटटाइम करून देतं पण तेही यूटीसीतच. आपण साडेपाच तास पुढे. नऊ वजा साडेपाच म्हणजे साडेतीन, पोरगं शाळेतच होतं, घाबरू नका. झोनइन्फो मॉड्यूल घ्या, "एशिया/कोलकाता" द्या, अॅझटाइमझोनने (सलग, अंडरस्कोअर नाही) बदलून घ्या. महिना कापतानाही हीच काळजी. सिन्स आणि अंटिल हे मिलिसेकंदांत द्यायचे असतात, त्यासाठी बर्सर्कच्या यूटिल्समध्ये टू_मिलिस आहे. त्याला भारतीय वेळेचं भान असलेली तारीख द्या, नाहीतर एक तारखेच्या पहाटेचे डाव मागच्या महिन्यात जातात. (पहाटे दोनला रॅपिड खेळणारं एखादं रत्न सापडेलच, तो वेगळा विषय.)

"विनर" नसणं म्हणजे बरोबरी. डाव बरोबरीत सुटला की लिचेस ती की देतच नाही, रिकामीसुद्धा ठेवत नाही. चौकोनी कंसाऐवजी गेट वापरा.

मुलीचं म्हणाल तर पैज लावतो, तिच्या नावात कॅपिटल अक्षर आहे. प्रत्येक खेळाडूच्या यूजरमध्ये दोन गोष्टी असतात: नेम म्हणजे तिने लिहिलं तसं, आणि आयडी म्हणजे तेच सगळं लहान अक्षरांत. भाचा पांढऱ्याचं नाव तुमच्या यादीतल्या नावाशी ताडून बघतो, जुळलं नाही तर "म्हणजे काळा" असं धरून चालतो. यादी लहान अक्षरांत करा आणि आयडीशी ताडा.

अजून एक खोड आताच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या परत याल. एक्सपोर्ट_बाय_प्लेअर यादी देत नाही, जनरेटर देतं. डाव एकेक करून येतात आणि गेले की गेले. आधी मोजायला एकदा फिरवलं तर दुसऱ्या फेरीत शून्य डाव. तेव्हा येताक्षणी फाइलमध्ये लिहा, एका ओळीत एक डाव. पुढच्या वेळी शेवटच्या डावाची तारीख सिन्सला द्यायची, म्हणजे नवे तेवढेच येतात. एकदा घेतलेलं परत मागायचं नाही. लिचेस वर्गणीवर चालणारी ना-नफा संस्था आहे, जाहिराती नाहीत, त्यांच्या सर्व्हरवर आपला भार जेवढा कमी तेवढं बरं.

घड्याळाचं संध्याकाळी लिहितो, तिथे खरी मजा आहे.

---

प्यादं पुढे

मान्य, हत्तीच्या कामाला उंट लावला. पण वेळ बघून काय कळणार? स्टॉकफिश इंजिनाचं विश्लेषण घ्या की. चुका, घोडचुका सगळं मोजून मिळतं.

---

काळा घोडा (पुणे)

मिळतं, पण ज्या डावाचं विश्लेषण कोणीतरी मागवलंय त्याच डावाचं. ईव्हॅल्स=ट्रू दिलं म्हणून बाकीच्या डावांना ते आपोआप फुटत नाही. पोरं विश्लेषण कुठल्या डावाचं मागवतात? जिंकलेल्या, नाहीतर ज्यात वजीर फुकट दिला त्या. त्यावरून महिन्याची सरासरी काढली तर ती पोराच्या खेळाची नाही, त्याच्या मूडची. घड्याळ मात्र प्रत्येक डावाला असतं, कोणी मागवो न मागवो. माझ्या मते कोचला पहिल्यांदा तेच बघायला हवं.

तर सर, मागताना क्लॉक्स=ट्रू द्या, ओपनिंग=ट्रू द्या, रेटेड=ट्रू द्या (मग स्टॉकफिशच्या लेव्हलशी खेळलेले डाव गळतात) आणि पर्फ_टाइप रॅपिड. पण लक्षात घ्या, लिचेसचं रॅपिड म्हणजे फक्त तुमचं १५+१० नाही. ते मूळ वेळेत चाळीस खेळ्यांची वाढ मिळवतात आणि बेरीज बघतात. १५+१० म्हणजे ९०० अधिक ४००, १३०० सेकंद. आठ मिनिटांपासून पंचवीस मिनिटांच्या आतपर्यंत सगळं रॅपिड, म्हणजे १०+० आणि ५+५ सुद्धा त्यातच. एकत्र कालवलंत तर हिशेबाला अर्थ राहत नाही. क्लॉकमधलं इनिशियल ९०० आणि इन्क्रिमेंट १० असलेलेच डाव आधी घ्या.

आता क्लॉक्स नावाची यादी येईल. प्रत्येक खेळीनंतर खेळणाऱ्याच्या घड्याळात किती उरलं ते. पांढरा, काळा, पांढरा, काळा असं आलटून पालटून. इनिशियल सेकंदांत असतं आणि ही यादी सेकंदाच्या शंभराव्या भागात! म्हणजे पंधरा मिनिटं एका जागी ९००, दुसऱ्या जागी ९००००. सुरुवातीला ९०००३ असलंही काही दिसेल, सोडून द्या.

एका खेळीला लागलेला वेळ म्हणजे त्याच खेळाडूचं आधीचं उरलेलं, वजा आत्ताचं उरलेलं, अधिक वाढ. आधी ८०००० होते, आता ७८५००. फरक पंधरा सेकंद, वर दहा सेकंद वाढ मिळालेली, म्हणजे विचार पंचवीस सेकंदांचा. ही वाढ मिळवायला लोक हमखास विसरतात, आणि मग पटापट खेळणाऱ्या पोराचा वेळ उणे येतो. तुमच्या पोरांचा तर नक्कीच येईल.

वाढ मिळवूनही उणे आलं तर घाबरू नका. लिचेसवर समोरच्याला पंधरा सेकंद बहाल करायचं बटण आहे, ते कोणीतरी दाबलेलं असतं. तेवढी खेळी वगळा.

आणि अरीना स्पर्धेतले डाव वेगळे ठेवा. तिथे बर्सर्क करता येतं (लायब्ररीचं नाव तिथलंच): डाव सुरू होताना बटण दाबलं की आपलं घड्याळ निम्मं, वाढ बंद, आणि जिंकलं तर एक गुण जास्त. अशा खेळाडूच्या नोंदीत बर्सर्क: ट्रू असतं. त्याला दहा सेकंदांची वाढ धरून हिशेब केलात तर पोरगं विचारवंत ठरेल.

शेवटची मेख: यादीत वेळ नोंदवली जाते खेळी झाल्यावर. त्यामुळे कोणी विचार करता करता राजीनामा दिला किंवा फ्लॅग पडला (वेळ संपली), तर तो शेवटचा लांबलचक विचार कुठल्याच खेळीच्या नावावर पडत नाही. स्टेटसमध्ये आउटऑफटाइम दिसलं तर समजून घ्या की उरलेलं सगळं तिथे गेलं.

दोनच रकाने काढा. डाव संपला तेव्हा घड्याळात किती उरलं होतं, आणि सगळ्यात जास्त वेळ कितव्या खेळीला गेला. सरासरी काढू नका. सरासरीत पाठ केलेल्या ओपनिंगच्या दहा खेळ्या सगळं पातळ करून टाकतात.

---

मधुरा_एन (नाशिक)

मध्येच बोलते. मी पालक आहे, मुलगा क्लासला जातो (सांगलीत नाही!). सर, हे सगळं करा, पण तक्ता तयार झाला की तो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, हात जोडून विनंती. आमच्याकडे असा एक तक्ता ग्रुपवर आला होता. मुलांची लिचेसची नावं, खेळण्याच्या वेळा, हरलेले डाव, सगळं. कितीतरी मुलांच्या नावातच शाळा आणि जन्मसाल असतं. वर "अमुकचा मुलगा रात्री बारापर्यंत ऑनलाइन असतो" ही चर्चा दोन दिवस. डाव सार्वजनिक आहेत हे खरं, पण ते गोळा करून नावानिशी मांडले की वेगळंच काहीतरी होतं. ज्याचं त्याला, बंद पाकिटात द्या.

आणि तुम्हाला ठाऊक नसेल तर: लिचेसवर शिक्षकांसाठी क्लास नावाची सोय आहे. तिथे मुलांची खाती शिक्षकच उघडून देऊ शकतो, ईमेल न देता, आणि ती किड मोडमध्ये असतात, म्हणजे चॅट, निरोप बंद. कोणाची प्रगती किती तेही तिथे दिसतं. खेळीगणिक वेळ दिसत नाही, त्यासाठी तुमची स्क्रिप्टच लागेल. पण निम्म्या कामाला तिची गरज नाही.

---

काळा घोडा (पुणे)

मधुराताईंशी शंभर टक्के सहमत. सर, फाइलमध्ये लिहितानाच नावाऐवजी तुमच्या हजेरीचा क्रमांक टाका. कोणाचा क्रमांक कुठला, ते तुमच्या वहीत राहू द्या.

---

राजापूरची गंगा

माझी भाची चेस डॉट कॉमवर खेळते. हीच लायब्ररी तिथे चालेल का?

---

काळा घोडा (पुणे)

नाही, बर्सर्क फक्त लिचेसचं. चेस डॉट कॉमचा वेगळा सार्वजनिक एपीआय आहे, नुसता वाचायचा, टोकन नाही. तिथे डाव महिन्यांच्या गठ्ठ्यात मिळतात: आधी आर्काइव्ह्जची यादी मागायची, मग हवा तो महिना. ताजा डाव लगेच दिसेलच असं नाही, त्यांची उत्तरं साठवलेली असतात. विनंतीच्या यूजर-एजंटमध्ये आपला संपर्क घाला, त्यांच्याच कागदपत्रांत तसं सुचवलंय. घड्याळ वेगळ्या यादीत येत नाही, पीजीएनच्या (डाव लिहून ठेवायच्या फॉरमॅटच्या) मजकुरात प्रत्येक खेळीपुढे महिरपी कंसात असतं, ते उकरून काढायचं. आणि तिथलं रेटिंग लिचेसच्या रेटिंगशी ताडू नका. लिचेस ग्लिको-२ ही रेटिंगपद्धत वापरतं, सुरुवात १५०० वर, खेळणारा समूहही वेगळा. फिडेच्या (जागतिक महासंघाच्या) एलो रेटिंगशी तर दोघांचाही थेट संबंध नाही. पालकांना हे समजावणं कोडपेक्षा अवघड.

---

उंटावरचा शहाणा (सांगली)

घोडेसाहेब, चाललं! थ्रेड काढले, सगळं एका दमात आलं. मुलीच्या नावात कॅपिटल एस होता. तुमची पैज जिंकलीत, भडंग पाठवतो.

दोन रकान्यांत जे निघालं ते क्लासमध्ये कधीच दिसलं नसतं. एक मुलगा आहे, एंडगेममध्ये कायम हरतो. मी त्याला हत्तीचे एंडगेम शिकवत बसलो होतो. आता कळतंय, हरताना त्याच्या घड्याळात बारा-तेरा मिनिटं शिल्लक असतात. एंडगेम येतो न येतो तोच हा खेळ्या फेकायला लागतो. त्याला शिकवण्याऐवजी आता हातांवर बसवतोय, अक्षरशः. खेळी मनात ठरली की हात मांडीखाली, वीस आकडे, मग पटाला हात.

उलट एका मुलीला मी संथ समजत होतो. ती सगळा वेळ पाचव्या-सहाव्या खेळीला घालवते, आणि तेही समोरच्याने लंडन लावलं की. बाकी ओपनिंगना ती चांगली चपळ आहे. म्हणजे तिला लंडनविरुद्ध काय करायचं हे मीच नीट दिलेलं नाही. ओपनिंग=ट्रू मुळे हे जुळवता आलं.

मधुराताई, तक्ता माझ्याकडेच आहे, क्रमांकांसह. क्लासची सोय पाहिली, नव्या बॅचसाठी तीच वापरणार.

एक शेवटचा प्रश्न. एंडगेम नक्की कुठून सुरू झाला हे मी आत्ता चाळिसावी खेळी धरून ठरवतोय, ते काही खरं नाही. पटावर फक्त राजे, हत्ती आणि प्यादी उरलीत हे स्क्रिप्टला कसं कळेल? बर्सर्कमध्ये तसं काही सापडेना.

---

काळा घोडा (पुणे)

सापडणारही नाही. बर्सर्क निरोप्या आहे, त्याला बुद्धिबळ येत नाही. त्यासाठी पायथन-चेस घ्या. पिपवर तिचं नाव नुसतं "चेस". तुमच्या फाइलमध्ये मूव्ह्ज नावाची एक ओळ आहे, सगळ्या खेळ्या मोकळी जागा सोडून लिहिलेल्या. ती तोडा, रिकामा बोर्ड नको, सुरुवातीचा घ्या, आणि पुश_सॅनने एकेक खेळी पटावर खेळत जा. प्रत्येक खेळीनंतर पीस_मॅप बघा. त्यात वजीर, उंट, घोडे नसतील आणि दोन्ही बाजूंना निदान एक हत्ती असेल तर ती खेळी नोंदवा. मग क्लॉक्सच्या यादीत त्याच क्रमांकापासून पुढचंच मोजा.

फक्त व्हेरिअंट "स्टँडर्ड" असलेले डाव घ्या. पर्फ_टाइप रॅपिड असल्यामुळे ते तसेच असतील, तरी एक अट घालून ठेवा.

भडंग तिखटच पाठवा.